कारखानदार मंडळी, पऱ्हाटीचा दर बोला

जळगाव औद्योगिक वसाहतीतल्या चटई, पाइप, ठिबक आणि मोल्डिंगच्या सर्व कारखानदारांना,

सप्रेम नमस्कार.

कापूस अजून उभा आहे आणि पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरणारी कापसाची झाडं, उपटायला अवकाश आहे, म्हणून आताच लिहितो. मागणी एकच आहे. तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मिळून या हंगामात पऱ्हाटी विकत घ्यावी आणि तिचा दर वेचणी संपायच्या आत जाहीर करावा. उपकार म्हणून नको आणि वर्तमानपत्रात फोटो यावा म्हणून तर नकोच. कच्चा माल म्हणून घ्या, स्वतःच्या एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून साच्यातून ढकलणाऱ्या यंत्रात, घालायला.

मी चोपडा तालुक्यातला. कापूस करतो, थोडी केळी आहे. त्याआधी तुमच्याच वसाहतीत एक्स्ट्रुडरवर दिवसपाळ्या-रातपाळ्या केल्या. त्यामुळे बॅरलचा कोणता झोन किती तापवायचा हेही कळतं आणि बोंड फोडल्यावर आत गुलाबी अळी निघते तेव्हा काय वाटतं हेही कळतं. ही दोन्ही माणसं सहसा एका टेबलावर बसत नाहीत.

सरकारला न लिहिता तुम्हाला का लिहितो, तेही सांगतो. लोकांनी फेकलेलं प्लॅस्टिक धुवायचं, दळायचं, त्याचा दाणा पाडायचा आणि त्याची चटई विणून देशभर विकायची, हे जळगावला जमलं आहे. कचऱ्याचा भाव ठरवणं, त्याची प्रत ओळखणं, ओला माल परत पाठवणं ही विद्या तुमच्या गोदामात रोज वापरात आहे. पऱ्हाटीसाठी नेमकी हीच विद्या लागते. अनुदानाच्या फायलीत ती सापडत नाही.

आता मालाबद्दल. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यानं १८३८ मध्ये लाकडातून एक पांढरा, तंतुमय पदार्थ वेगळा काढला. त्याला आज आपण सेल्युलोज म्हणतो. ग्लुकोजचे हजारो रेणू एका सरळ माळेत ओवलेले आणि अशा असंख्य माळा शेजारी शेजारी घट्ट चिकटलेल्या, अशी त्याची रचना. साखर तीच, जी पिकलेल्या केळीतही आहे, पण जोडणीची तऱ्हा अशी की आपल्या पोटाला ती फोडता येत नाही. म्हशीला येते, तिच्या पोटातल्या जंतूंच्या जिवावर. सातपुड्यातल्या पावरा-भिलांच्या घरांची कुडाची भिंत तुम्ही पाहिली असेल: आत काड्यांचा ताटवा आणि वरून शेणमातीचा गिलावा. झाडाच्या पेशीची भिंत तशीच असते. काड्यांच्या जागी सेल्युलोजचे तंतू आणि गिलाव्याच्या जागी लिग्निन. ताकद काड्यांची, आकार धरून ठेवणं गिलाव्याचं.

हे तंतू किती ताठ? सेल्युलोजच्या स्फटिकाचा ताठपणा साधारण १४० गिगापास्कलच्या घरात मोजला गेला आहे. पोलादाचा २०० च्या आसपास. पण पोलादाचं वजन घनसेंटीमीटरला ७.८ ग्रॅम आणि सेल्युलोजचं दीड ते १.६. वजनाच्या हिशेबानं पाहिलं तर काडी जिंकते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या लियांगबिंग हू आणि तेंग ली यांच्या गटानं हे साध्या लाकडावर करून दाखवलं. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइट यांच्या पाण्यात लाकूड उकळून लिग्निनचा काही भाग काढला, मग १०० अंशांवर दाबलं. जाडी पाचव्या हिश्श्यावर आली आणि ताकद दहा पटींहून अधिक वाढली. ओढून तोडायला ५८० मेगापास्कलपेक्षा जास्त जोर लागला. साधं पोलादही यापुढे कमी पडतं.

हे वाचून उद्याच कुणी परदेशात मेल धाडू नये. ती पद्धत खरी आहे, पण आपल्याला आज परवडणारी नाही, आणि कारण पैशापेक्षा पाण्याचं आहे. सोड्यात उकळणं म्हणजे काळं पाणी आलं, ते शुद्ध करणं आलं, त्याचा रोजचा खर्च आला. ज्या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पिण्याच्या पाण्याच्याही पाळ्या लागतात, तिथे रासायनिक लगद्याचा कारखाना काढू म्हणणाऱ्याला मी तरी पहिला प्रश्न गिरणा-तापीचा विचारीन. आपण कोरड्या वाटेनं जावं: तोडणं, दळणं, वाळवणं, मिसळणं, दाबणं.

लगद्याचा अनुभव शेजारीच आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाताना बऱ्हाणपूरच्या पुढे नेपानगर लागतं. देशातली पहिली न्यूजप्रिंटची, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाची, गिरणी तिथली. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सातपुड्यातला सालई आणि बांबू तिथे कागद होत असे. पुढे गिरणी रद्दी कागदाकडे वळली. सालईचं झाड तोडलं की पुन्हा उभं राहायला किती वर्षं जातात, हे जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पऱ्हाटी मात्र दर वर्षी पेरली जाते आणि दर वर्षी काढावीच लागते, कुणी विकत घेवो न घेवो.

पऱ्हाटीचं लाकूड रचनेनं जंगलातल्या रुंदपर्णी झाडाच्या लाकडाच्या जवळ जातं, हे कापूस तंत्रज्ञानातली माणसं केव्हापासून सांगत आली आहेत. मुंबईत माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९२४ पासूनची. पऱ्हाटीच्या भुश्श्यापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याची पद्धत या संस्थेनं बसवलेली आहे. कोरडवाहू-बागायती धरून हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. आज तिचं काय होतं? काही शेतकरी रोटाव्हेटर किंवा श्रेडरनं जमिनीत गाडतात. त्यांनी ते जरूर चालू ठेवावं, आपल्या जमिनींना सेंद्रिय कर्ब हवाच आहे. काही पऱ्हाटी पांढऱ्या कोळशाच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांच्या, कारखान्यात जाते. काही चुलीत. आणि बरीच बांधावर रचून ठेवली जाते किंवा पेटवली जाते.

बांधावरचा तो ढीग आमच्या जिवावर उठतो. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राचा कापूस कसा खाल्ला ते तुम्हाला जिनिंगवाल्यांकडून कळलं असेलच. ही अळी न फुटलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. कृषी विभाग दर वर्षी सांगतो: डिसेंबरनंतर कापूस ठेवू नका, फरदड (वेचणीनंतर तोच कापूस पाणी-खत देऊन पुढे चालवणं) घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात किंवा शेताच्या कडेला रचू नका. शेतकरी ऐकतो आणि फरदड घेतोच, कारण उभ्या कापसात दोन वेचण्यांचे पैसे दिसतात आणि पऱ्हाटी उपटण्यात काहीच हाती लागत नाही. उद्या डिसेंबरात पऱ्हाटी देणाऱ्याला चढा दर आणि मार्चमध्ये आणणाऱ्याला उतरता दर, अशी पाटी तुमच्या काट्यावर लागली, तर जे पत्रकांनी साधलं नाही ते साधेल. मला या सगळ्या व्यवहारात सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, बोर्ड आणि पॅलेट (गोदामात माल रचायचे पाट) नंतर.

आता तुमच्या यंत्राचं बोलू, कारण इथे गोड बोलणारे सल्लागार फार भेटतील.

पऱ्हाटीचा भुसा आणि प्लॅस्टिक यांची मुळात मैत्री नाही. सेल्युलोजला पाणी आवडतं, पॉलिप्रॉपिलीनला नाही. नुसतं मिसळलंत तर भुसा आत खडीसारखा पडून राहील आणि माल पहिल्या धक्क्याला तडकेल. दोघांना धरून ठेवणारा दुवा लागतो. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन त्यासाठी वापरतात, दोन ते पाच टक्के पुरतं. दुसरी गोष्ट ओलावा. उन्हात वाळलेल्या पऱ्हाटीतही दहा-बारा टक्के पाणी असतंच. ते एक-दोन टक्क्यांवर आणल्याशिवाय बॅरलमध्ये घातलंत तर वाफ धरते आणि माल फुगून, भोकं पडून बाहेर येतो. तिसरी गोष्ट उष्णता. २०० अंशांच्या पुढे भुसा करपायला लागतो, माल काळा पडतो आणि अख्ख्या शेडमध्ये जळका वास सुटतो. म्हणून पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन चालतं. बाटल्यांचं पीईटी वितळायलाच २५० च्या आसपास लागतात, त्याच्या नादी लागू नका. चौथी गोष्ट हॉपर, म्हणजे यंत्रात माल ओतायचं नरसाळं. भुसा हलका असतो, कमान धरून अडकतो आणि स्क्रू रिकामा फिरत राहतो. आधी गोळी पाडावी किंवा बाजूनं दाबून भरणारा फीडर बसवावा. हे सगळं डबल स्क्रूवर नीट होतं; सिंगल स्क्रूवर करू पाहाल तर शिव्या ऑपरेटर खाईल.

आणि कशात घालू नये तेही स्पष्ट सांगतो. दाबाच्या पाइपमध्ये मुळीच नको. तिथे मानकं आहेत आणि भुश्श्याचा एक कण म्हणजे गळतीची एक जागा. ठिबकच्या नळीत नको. चटईच्या बारीक नळीतही नको, कण जरा जाड आला की ओढताना ती तुटणार. जिथे माल जाड आहे आणि ताठपणा हवा आहे, तिथेच याचं काम: गोदामातली पॅलेट, दाराची चौकट, कुंपणाचे खांब, बाकाच्या पट्ट्या. अशा मालात भुसा ३० ते ६० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे तेवढं प्लॅस्टिक वाचतं. ताठपणा वाढतो, पण धक्का सोसण्याची ताकद घटते. कायमचा भार ठेवला तर हळूहळू वाकतो आणि आपल्या उन्हात रंग उडतो. हा माल कुजून मातीत जाणारा नाही, त्याला हिरवं पान चिकटवून विकू नका. खोटं फार दिवस टिकत नाही.

तुम्ही म्हणाल, केळी सोडून हा पऱ्हाटीच्या मागे का लागला? जळगाव म्हटलं की केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. घड उतरवला की खांब उभाच राहतो, हेक्टरी ६० ते ८० टन वजनाचा, आणि त्याच्यात धागा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण हिशेब करा. त्या खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. शंभर किलो खांबातून कोरडा धागा हाती लागतो किलोभर. म्हणजे हेक्टरी ७०० किलोच्या आसपास धरा. गावात मिळतं ते धागा काढायचं यंत्र दिवसाला पंधरा-वीस किलो धागा देतं. एका हेक्टरला एका यंत्राचा महिना पुरत नाही, आणि तोवर खांब सडायला लागलेला असतो. चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत ते वेगळंच. ओला खांब ट्रॅक्टरवर टाकून जळगावला आणणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं.

तेव्हा केळीचा धागा हा भुसा म्हणून वापरायचा माल नाही. तो लांब आहे, चिवट आहे, महाग आहे. केळीच्याच कुळातलं अबाका नावाचं झाड फिलिपिन्समध्ये मुद्दाम धाग्यासाठी लावतात. चहाच्या पिशव्यांचा कागद आणि जहाजांचे दोर त्याचे होतात, जपानच्या नोटांच्या कागदातही ते असतं. आपल्या धाग्याची जागा त्याच रांगेत आहे, जिथे किलोला भाव मिळतो. एक जागा तर घरातच आहे. निर्यातीची केळी पुठ्ठ्याच्या खोक्यांत जाते, १३-१४ अंशांवर आणि ९० टक्क्यांच्या वरच्या दमट हवेत. पुठ्ठाही सेल्युलोजचाच, दमट हवेत तो ढिला पडतो आणि खालची खोकी दबतात. लांब धाग्याचा लगदा मिसळला की कागद चिवट होतो. रावेर-सावद्याच्या पॅकहाउसवाल्यांनी आणि कोरुगेटेड खोकी बनवणाऱ्यांनी याचा प्रयोग करून पाहावा. पण ते वेगळं काम आहे, तुमच्या एक्स्ट्रुडरचं नाही.

केळीच्या धाग्याबद्दल माझा आवाज जरा चढतो, त्याला कारण आहे. आमच्या भागातल्या एका बचत गटानं कर्ज काढून यंत्र घेतलं, कारण एक कंपनी सगळा धागा उचलणार होती. बोलणं तोंडी होतं. पहिला माल गेला, दुसऱ्याला प्रत हलकी म्हणाले, तिसऱ्या वेळी फोन उचलला नाही. यंत्र अजून गोठ्यात आहे आणि त्याच्यावर कोंबड्या बसतात. बायकांनी हप्ते मात्र फेडले. म्हणून मी दर लेखी मागतो आहे, हे लक्षात घ्या.

नॅनोसेल्युलोजवर दोन शब्द, कारण कुणी तरी विचारणारच. तंतू फोडत फोडत नॅनोमीटरच्या घरात नेले की त्यांची खरी ताकद हाती येते. जपानमध्ये अकिरा इसोगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कमी विजेत फोडण्याची रासायनिक युक्ती काढली. त्यासाठी त्यांना २०१५ मध्ये वनक्षेत्रातला मोठा मानला जाणारा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. माटुंग्याच्या त्या संस्थेतही कापसाच्या लिंटरपासून नॅनोसेल्युलोज करणारा प्रायोगिक प्रकल्प आहे. लिंटर म्हणजे जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहिलेली आखूड लव, जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. आपल्या खिशातली नोट कापसाच्याच कागदाची असते. आणि आपण काय करतो? बहुतेक सरकी लव न काढताच घाण्यात घालतो आणि ती लव ढेपेबरोबर म्हशीच्या पोटात जाते. म्हैस तक्रार करत नाही. पण तेलगिरणीवाल्यांनी लव आधी काढली तर त्यांना दुसरा माल मिळेल, तोही पाण्याचा थेंब न वापरता. हा विषय त्यांच्याशी बोलायचा, तुमच्याशी नाही. जळगावात नॅनोचं फलक लावायची घाई नको.

एका गोष्टीवर मला तुमच्याकडून उत्तर हवं आहे, कारण माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी पऱ्हाटी उपटायला पैसे देत नाहीत. शेतमजूर चिमट्यानं शेत साफ करून देतो आणि पऱ्हाट्या घरी नेतो, वर्षाचं सरपण म्हणून. गॅसची टाकी घरात आहे, पण ती भरायला पैसे लागतात, म्हणून चूल सुटलेली नाही. तुम्ही दर जाहीर केलात की शेतमालक म्हणेल, पऱ्हाटी माझी. आणि ज्या बाईनं पाठ मोडून ती उपटली तिच्या हातात काहीच उरणार नाही. माझं म्हणणं असं की दराचे दोन भाग असावेत: काट्यावर मालकाला एक आणि उपटून, तोडून, गाडी भरणाऱ्याला दुसरा, थेट त्याच्या किंवा तिच्या खात्यात. तुमच्या हिशेबनिसाला हे किचकट वाटेल. वाटू द्या.

तर आता नेमकं काय करायचं ते लिहितो.

चोपडा, यावल, अमळनेर, धरणगाव, पारोळा अशा कापसाच्या पट्ट्यांत प्रत्येकी एक शेड असावी, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात चालेल, तिथे काटा आणि फरशी आधीच आहे. चिपर गावोगाव फिरवावा, कारण आख्खी पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर ट्रॉली दिसायला डोंगर आणि वजनाला हलकी. पऱ्हाटी मुळासकट घेऊ नका, जमिनीलगत तोडलेली घ्या. मुळाबरोबर माती येते, मातीतली वाळू स्क्रू खाते, आणि मुळं नांगरटीत राहिली तर जमिनीच्याच कामाला येतात. बोंडं झाडून घ्या आणि तिथेच नष्ट करा, नाही तर अळी शेतातून शेडमध्ये येईल. ओलाव्याची कपात किती ते पाटीवर लिहा, कापसाच्या खरेदीत जो घोळ होतो तो इथे नको. चिप्सच्या ढिगाला आग लागू शकते, ढीग छोटे आणि लांब लांब ठेवा.

चाचणीसाठी बाहेरगावी जायची गरज नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत प्लॅस्टिक तंत्रज्ञान शिकवलं जातं. तिथल्या मुलांना प्रकल्पाला विषय हवा असतो, तुम्हाला ताण, धक्का आणि पाणी शोषण्याचे आकडे हवे आहेत. मात्र मुलांना फुकट राबवू नका, पाठ्यवेतन द्या. पहिल्या वर्षी एकच लाइन, एकच वस्तू, माझ्या मते पॅलेट, कारण ती तुमच्याच गोदामांत खपेल आणि मोडली तरी गिऱ्हाईक तुमच्यावर ओरडणार नाही.

दर किती, हे मी सांगत नाही. सांगितला तर तुम्ही त्याच्या खाली जाल. पांढऱ्या कोळशाचे कारखाने काय देतात ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. त्यापेक्षा कमी दिलात तर पऱ्हाटी तिकडे जाईल, इतकं सोपं आहे. दर ठरला की बाजार समितीच्या फलकावर लावा आणि त्याखाली खरेदीची शेवटची तारीख लिहा. दोन ट्रॉल्या कोरड्या चिप्स नमुन्याला मी माझ्या खर्चानं आणून देतो, कुणाच्या गेटवर उतरवायच्या तेवढं कळवा. आणताना जुना ऑपरेटर म्हणून फीडरजवळ उभा राहायचीही तयारी आहे, पण रातपाळी नको, आता झेपत नाही.

आपला,
चोपडा तालुक्यातला एक कापूस उत्पादक